सीमेवरचा लाल दुपट्टा

कोठेही लाऊडस्पीकर सुरू झाला की माझी मान आपोआप मागे वळते. बाकीचे लोक मंचाकडे पाहतात. मी गर्दीचे शेवटचे टोक पाहतो आणि त्याच्याही पलीकडची घरे पाहतो. तेथे आता कोणी उभे नसते, हे मला पूर्णपणे विदित आहे. तरीही तेथून एक लाल दुपट्टा वर होत नाही तोपर्यंत कार्यक्रमात माझे चित्त लागत नाही. ही अस्वस्थता मला सत्तारभाईंनी दिली, आणि जाताना ते ती परत घेऊन गेले नाहीत.

प्रारंभीच माझ्याविषयी थोडे सांगणे क्रमप्राप्त आहे. मी मारेगावला कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. शाळा नववीपर्यंत झाली. पुढील शिक्षण मी जनतेच्या अडचणींतून पूर्ण केले. कोणता शब्द कोठे ठेवला असता साहेबांची मान हलते, हे या तालुक्यात माझ्याइतके फार थोड्यांना अवगत असेल. त्या योग्यतेमुळेच आमच्या गावच्या लोककला महोत्सवाच्या समितीने मला चिटणीस केले. प्रस्तुत लेखात माझे स्थान तेवढेच समजावे.

सत्तारभाई लाऊडस्पीकर भाड्याने देत. त्यांच्याजवळ दोन कर्णे होते आणि एक मशीन होते. ते मशीन ते बारा महिने गोधडीत गुंडाळून ठेवत, जणू त्याला हुडहुडी भरते. स्वतः सत्तारभाई अंगाने उंच, वाळलेले. मान पुढे काढून चालत, त्यामुळे माणसाच्या आधी त्यांचा कान येतो आहे असे वाटे. खांद्यावर सदैव लाल दुपट्टा. लग्न असो, जयंती असो, उरूस असो की भजनसप्ताह, माइक लावून झाला की ते तेथून निघून जात. गर्दी ओलांडून, शेवटचे घर ओलांडून, जेथे एखादे आजारी माणूस खाटेवर असेल किंवा कोणाचे तान्हे मूल निजले असेल, तेथे जाऊन उभे राहत आणि ऐकत. आवाज बरोबर असला तर दुपट्टा डोक्यावर उंच धरत. जास्त असला तर दुपट्टा जमिनीकडे झटकत. मशीनपाशी त्यांच्या पत्नी हमीदाभाभी बसलेल्या असत. त्या ती खूण पाहून बटन फिरवत. नवरा-बायकोचे हे बोलणे सबंध गावाच्या डोक्यावरून चाले आणि गावाला त्याचा पत्ता नसे.

"आवाज पोचला पाह्यजे, साहेब, लागला नाही पाह्यजे," असे ते मला म्हणत. मला ते नेहमी 'साहेब' म्हणत.

परंतु त्यांच्या तोंडी सर्वाधिक वेळा येणारे वाक्य वेगळेच होते. "काही तं राह्यलं." सर्व तयारी झाली, दोऱ्या ताणून झाल्या, दिवे लागले की ते दुपट्ट्याचे टोक दातात धरून उभे राहत आणि म्हणत, "काही तं राह्यलं, साहेब. ध्यानात नाही येऊन राह्यलं, पन राह्यलं." ऐकणारा पुन्हा सगळ्या दोऱ्या चाचपून पाही. टारगट पोरांनी त्यांचे नावच 'काही-तं-राह्यलं' असे पाडले होते. वाईट याचे, की बहुधा खरोखरच काहीतरी राहिलेले असे.

एकदा एका मोठ्या घरचे लग्न होते. मंडपाच्या मागे लागूनच बौद्ध वस्तीतल्या अंजनाबाईंचे घर होते, आणि अंजनाबाई महिनाभरापासून अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सत्तारभाईंनी दोन्ही कर्णे नाल्याच्या दिशेने फिरवले. नवरदेवाचे मामा लालबुंद होऊन आले.

"काहून हो सत्तारभाई, वऱ्हाड इकडं बसलं आन कर्ना तिकडं? बेडकाइले गानं आयकवून राह्यले का?"

"बेडकं नाराज नाही होत, मामाजी. अंजनाबाईचा डोळा आत्ताच लागला."

"लगन आमचं हाये!"

"हाव नं. लगन तुमचं हाये, पन कान तिचे हायेत."

मामा तावातावाने अंजनाबाईंच्या दारापर्यंत गेले. तेथे उभे राहून त्यांनी काय ऐकले कोणास ठाऊक; परत आले आणि मुकाट्याने जेवायला बसले. सत्तारभाई मात्र त्या संपूर्ण लग्नात जेवले नाहीत. वऱ्हाडी नाराज होऊन गेले असतील काय, हीच चिंता त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत पुरली.

महोत्सवाची कल्पना निघाली तेव्हा पहिल्याच बैठकीत मी कार्यक्रमांची जुळणी वाचून दाखवली. कोलामांची दंडार म्हणजे ढोलावरचे नाचगाणे, बंजारा तांड्यावरची लेंगी म्हणजे होळीची गाणी, वस्तीतली भीमगीते, कव्वाली, भजन. सर्व समाजांना न्याय मिळाला होता आणि माझ्या मते त्यात उणे काही नव्हते. सत्तारभाई दाराशी उकिडवे बसले होते.

"हे तं मिक्चर झालं, साहेब," ते म्हणाले. "ज्याले जे येते ते तो वाजवन आन घरी जाईन. मंग गावाले काय भेटलं?"

त्यांचे म्हणणे असे होते, की दर वर्षी एकेका समाजाचा एक विचार घ्यावा. त्या समाजातली वडीलधारी माणसे कशावर जगत आली ते त्यांनाच विचारावे, आणि ते त्या वर्षीच्या महोत्सवाचे सूत्र ठरवावे. सगळ्यांनी आपापली कला त्या सूत्राला धरून करावी. येथपर्यंत सर्वांना मान्य होते. पुढची अट अवघड होती.

"बॅनरवर लिव्हलं म्हंजे झालं नाही. त्या दिवशी आपल्याले तसं वागा लागन."

येथून आमच्या काळजीला प्रारंभ झाला.

पहिल्या वर्षी तांड्याचा विचार घेतला. तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या याडीने, याडी म्हणजे त्यांच्यात आई, आम्हांस सांगितले, की देवाकडच्या मागणीत ते सर्वांचे भले मागतात आणि सुरुवात मुंगीपासून करतात. माणसाचा क्रम मागाहून येतो. मी त्यावर भारदस्त प्रास्ताविक लिहिले. महोत्सवाच्या दिवशी मंडपाचे खांब उभे झाले, पडदे लागले, आणि सत्तारभाई दुपट्टा दातात धरून मंचाखाली वाकले. तेथे मुंग्यांचे वारूळ निघाले. सबंध मंच हलवावा लागला. पाहुणे येऊन उभे होते आणि आम्ही दोऱ्या सोडत होतो.

आमच्या समितीत पप्पूभाऊ म्हणून आहेत. खताचे दुकान आहे, कामाला खमके आहेत, पोरे त्यांच्या शब्दात आहेत. त्यांना पहिल्यापासून डीजे हवा होता. ते खुर्चीवर बसून म्हणाले, "सत्तारभाई, मुंग्याइले पास देल्ले का?"

"त्याइले पास कायले? त्या तं आपल्या आंधीपासून बसल्या इथं," सत्तारभाई गंभीरपणे म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

दुसऱ्या वर्षी बौद्ध वस्तीकडून समतेचा विचार आला. वस्तीतल्या बायांनी एका वाक्यात विषय संपवला: कोणी वर बसायचे नाही, कोणी खाली बसायचे नाही. झाले, मंच रद्द, खुर्च्या रद्द. परवानगीच्या अर्जात प्रमुख पाहुण्यांच्या आसनव्यवस्थेविषयी काय लिहावे, या चिंतेत मी दोन दिवस काढले. कलाकार मधोमध जमिनीवर आणि लोक सभोवती सतरंज्यांवर. एक मान्यवर मोटारीतून उतरले, इकडेतिकडे पाहिले, आपली खुर्ची कोठे आहे असे कोणाला तरी विचारले आणि उत्तर ऐकून पुन्हा मोटारीत बसले. मोटारीमागे उडालेल्या धुळीकडे पाहताना सत्तारभाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी त्यांनी खुर्ची आणवली नाही. उलट, मागच्या पोरांना दिसत नसेल, म्हणून ते लहान पोरांना पुढे सरकवत फिरले.

त्या रात्री आवराआवर चालली असताना पप्पूभाऊंनी सर्वांसमोर सांगून टाकले, "पाहा बाप्पा, दोन साल आयकलं. तिसऱ्या साली बी फसलं, तं सूत्र-बित्र बंद. मंग डीजे. कबूल?"

"कबूल," सत्तारभाई ताबडतोब म्हणाले. लगेच माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काही तं राह्यलं, साहेब. मी लवकर हो म्हटलं."

मी त्यांना एकदा विचारले होते, की सत्तारभाई, तुमच्या समाजाचा विचार कधी घ्यायचा? शेजाऱ्याच्या हक्काविषयी तुमच्यात फार सुंदर सांगितले आहे असे मी ऐकून आहे. ते एवढे लाजले, की मान आणखी पुढे गेली. "माइक बी माहा, कर्ना बी माहा, आन इचार बी माहाच? लोक म्हनतीन, याने दुकान टाकलं." तो विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही.

तिसऱ्या वर्षी कोलामांचा विचार घ्यायचे ठरले. आमच्या बाजाराच्या मैदानाला लागून नाला आहे; नाल्यापलीकडे बरड चढत जाते आणि त्या चढावर कोलामांचे पोड आहे, पोड म्हणजे त्यांची वस्ती. पोडाचे प्रमुख झित्रू नाईक. त्यांनी सत्तारभाईंना गावबांधणीविषयी सांगितले. त्या पोडाची रीत अशी, की सारे गाव जागेवर हजर असेल असा एक दिवस धरायचा. नाईक पूजा करून सीमेवरून फिरतो आणि धागा बांधत जातो. धाग्याची दोन टोके जुळली की त्या दिवशी आतला बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. गाव एक दिवस संपूर्ण असते. परंतु बऱ्याच वर्षांत ही गावबांधणी झालीच नव्हती, कारण पोरे कामासाठी बाहेरगावी विखुरलेली. सारे पोड एकत्र कधी सापडतच नव्हते.

सत्तारभाईंना या विचाराने झपाटले. 'सारे एका जागी' हे सूत्र ठरले. पोडावरची दंडार हा मुख्य कार्यक्रम ठरला. नाईकांनी बाहेरगावच्या पोरांना निरोप पाठवले, आणि नवल म्हणजे दंडारीच्या ओढीने एकूणएक पोरे आली. कोणी बायकोलेकरांसह आला. सत्तारभाई मला म्हणाले, "साहेब, पोडावर चूल पेटली नाही अशी एक बी झोपडी राह्यली नाही." ते हसत होते, आणि त्यांना हसताना पाहून मला उगीचच भीती वाटली.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी पोडावरून निरोप आला: दंडारीवाले येत नाहीत. नाईक आज गाव बांधतात.

चूक कोणाची म्हणावी? आम्ही त्यांचा विचार सूत्र म्हणून घेतला आणि त्याच विचाराने त्यांचे सारे गाव कित्येक वर्षांनंतर एकत्र आणले. नाईकांनी सकाळी उठून पाहिले तर गाव पूर्ण होते. मग ते काय करतील? ते गाव बांधतील. हे समितीत कोणाच्याही लक्षात आले नव्हते. आमच्या दृष्टीने गावबांधणी हा विषय होता. नाईकांच्या दृष्टीने ते राहून गेलेले काम होते.

"मी जातो आन घेऊन येतो," असे म्हणून सत्तारभाई मोपेडवर निघाले. दुपार झाली, ते आले नाहीत. फोन लागेना. सतरंज्या अंथरून झाल्या. तांड्यावरच्या बाया आल्या, वस्तीतले गायक आले, पेटी-तबला आला. पप्पूभाऊंनी मला बाजूला घेऊन सांगितले, की त्यांनी डीजेची गाडी पुढच्या फाट्यावर आणवून ठेवली आहे, केवळ सोयीसाठी. "एक फोन केला का आली समजा. लोक तं बसवून ठेवा लागन नं, अर्जीवाले?"  अनेक कठीण अर्ज मी लिहिले आहेत. परंतु ज्या माणसाच्या भरवशावर सगळे उभे आहे तो माणूसच जागेवर नाही, अशा प्रसंगी कोणाकडे अर्ज करावा हे मला सुचेना.

उन्हे कलू लागली तेव्हा फोन वाजला.

"साहेब, मी बांधल्या गेलो."

"म्हणजे काय? कोठे आहात?"

"पोडावर. नाईकासंगं बोलत बोलत चाललो होतो. म्हटलं, आज नको बांधू, उद्या बांध. तो धागा बांधत चालला, मी समजावत चाललो. तो आयकून बी घेऊन राह्यला होता. फेरा पुरा झाला तवा पाह्यलं तं मी आतल्या बाजूनं!"

पलीकडून कोणीतरी मोठ्याने हसले. ते नाईक असावेत. "आता थो बी आमचाच!" असे ऐकू आले.

"सत्तारभाई, ताबडतोब या. पप्पूभाऊंनी डीजे आणला आहे."

"नाईक जा म्हनते. कोनी अडवत नाही. पन मी भाईर पाय टाकला तं बांधनी सुटते, साहेब. मंग पह्यलेपासून करा लागते, आन दिवस गेला. उद्या अर्धे पोरं कामावर जातीन. हे लोक पुन्हा एका जागी कवा सापडतीन?"

"आणि महोत्सव? तुम्ही कबूल म्हणाला होता. तीन वर्षांची मेहनत आहे!"

  जन्मभर लहानसहान गोष्टींनी ज्यांचा जीव खालीवर झाला, त्या माणसापुढे आता एक धागा होता आणि तो ओलांडला की सारे वाचत होते.

"आपनच सूत्र लावलं," ते अखेरीस म्हणाले. "मंग आपनच तोडाचं का?" आणि घाईघाईने पुढे, "तुमी माइकवर उभे राहा. सांगा लोकाइले खरं काय झालं ते. हमीदा हायेच मशीनवर. मी इथं सीमेवरून आवाज पाहतो. पोडात दोन बुढे मान्सं पडून हायेत, त्याइले..." येथे फोन बंद पडला, चार्जिंग संपले असावे.

त्या दिवसाचा निकाल अद्याप लागलेला नाही, हे येथेच सांगून टाकतो. पप्पूभाऊ म्हणतात कार्यक्रम फसला, कारण तो नाल्याच्या अलीकडे झालाच नाही. तांडा आणि वस्ती म्हणतात, तसा कार्यक्रम पुन्हा होणे नाही. येत्या बैठकीत डीजेचा विषय पुन्हा निघणार आहे, आणि या वेळी दाराशी उकिडवे बसून प्रश्न विचारायला कोणी नाही. त्याच हिवाळ्यात सत्तारभाई आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. ते खाटेवर असताना मी त्यांना भेटलो. शेजारी कोणाचा रेडिओ लागला होता आणि ते कान देऊन ऐकत होते. परंतु ते माझे शेवटचे दर्शन, असे माझे मन मानत नाही. शेवटचे दर्शन मी त्या सायंकाळचेच धरतो.

मी माइकवर उभा राहिलो. झालेली हकिकत मी, माझ्या मते, अत्यंत सुसंगत भाषेत निवेदन केली. लोकांत चुळबुळ सुरू झाली. पप्पूभाऊंच्या हातात फोन होता आणि अंगठा त्यावर होता. मी वेळ काढण्यासाठी सूत्राचा अर्थ विशद करू लागलो. तेवढ्यात हमीदाभाभी मशीनपासून म्हणाल्या, "कमी करा म्हनते."

मी वळून पाहिले. नाल्यापलीकडे, चढावर, पोडाच्या कडेला एक उंच वाळलेली आकृती उभी होती. मावळतीचे ऊन तिच्या अंगावर होते. लाल दुपट्टा जमिनीकडे झटकला गेला. भाभींनी बटन फिरवले. मी बोलत राहिलो. दुपट्टा पुन्हा खाली गेला. पुन्हा बटन फिरले. माझे शब्द पहिल्या सतरंजीपुरते उरले. दुपट्टा पुन्हा खाली.

"बंद करा म्हनते ते," भाभी म्हणाल्या.

"भाभी, माइक बंद झाला तर लोक उठतील. डीजे येईल. सर्व संपेल!"

"मले नका सांगू. तिकडं सांगा." आणि त्यांनी बटन शेवटपर्यंत फिरवले.

मैदानात एकदम एवढी शांतता झाली की एका पेंगणाऱ्या मुलाने डोळे उघडले. काही लोक खरोखरच उठले.  आणि त्या शांततेत, नाल्यावरून, ढोल ऐकू आला. तो तेथे केव्हापासून वाजत होता कोणास ठाऊक. आमच्याच आवाजाखाली तो दबला होता. त्यामागे घुंगरे, त्यामागे बायांचे आणि पोरांचे एकत्र सूर. सबंध पोड, एकही माणूस कमी नसलेले, आपल्या अंगणात दंडार करत होते.

"हे तं तिकडं चालू हाये!" तांड्यावरची याडी म्हणाली, आणि बसल्या जागी तिने पाठ फिरवली. तिच्या मागच्यांनी फिरवली. सतरंजीमागून सतरंजी, सारे लोक मंचाच्या जागेकडे पाठ करून चढाकडे तोंड करून बसले. उठलेल्यांतले काही गेले. काही तसेच उभे राहिले. पप्पूभाऊ फोन हातात धरून ऐकत होते.

मी चढावरच्या त्या आकृतीवरून नजर काढली नाही. ते धाग्याच्या आत, अगदी काठावर उभे होते. दुपट्ट्याचे टोक तोंडाशी गेले. एवढ्या लांबूनही मला ते कळले. आता ते म्हणत असतील, काही तं राह्यलं. बराच वेळ ते तसेच उभे होते, मान पुढे, कान आमच्या बाजूला.

मग त्यांनी दुपट्टा डोक्यावर उंच धरला.